जुने ते कोणते?

‘जुने ते सोने’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली तो सोनार खास नसावा. सोन्याला वय नसते. आजीच्या पाटल्या आटवून नातीला बांगड्या केल्या, तर थोडीशी घट सोडून सोने होते तितकेच राहते. हरवते ते एवढेच, की वर्षानुवर्षे मनगटावर घासून त्या पाटल्यांच्या कडांना जी गोलाई आली होती ती मुशीत जाते आणि पुन्हा येत नाही. म्हणजे सोने हे जुने होण्याचे नाकारणारे द्रव्य होय, आणि जुन्या वस्तूस सोन्याची उपमा देणे हा एका दृष्टीने तिचा उपमर्दच होय. जुन्या वस्तूत धातूचे मोल थोडे असते. मोल असते ते झिजेचे.

असल्या विचारांना आमच्या वाळूजइतकी प्रतिकूल जागा शोधूनही सापडावयाची नाही. छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, अहिल्यानगरच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर कारखान्यांची जी दाट वस्ती लागते तीच ही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी येथे शेते होती. १९८४ साली बजाज ऑटो कंपनीने येथे नव्या कारखान्याची कोनशिला बसविली, आणि १९८५ च्या नोव्हेंबरात राष्ट्रपती झैलसिंग ह्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यामागून सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने आले. कारखान्यांमागून कामगार आले. कामगारांमागून खानावळी, शिकवण्या आणि दवाखाने आले. आणि बजाजनगर नावाची एक वसाहतच उभी राहिली. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी ही जुनी गावे ह्या पसाऱ्यात वेढली गेली. पंढरपूर नावाचे जे गाव येथे आहे तेथे आषाढीस विठ्ठलदर्शनासाठी लोटणारी गर्दी हीच काय ती ह्या भागाची जुनी खूण. एरवी येथील धर्म नवेपणाचा. पाहुण्यास काही जुने दाखवावयाचे तर आम्ही त्याला दौलताबादेस नाही तर वेरुळास नेतो. घरचे जुने म्हणून दाखवावे असे आमच्याजवळ काही आहे, ही कल्पनाच आम्हांस कधी शिवली नव्हती.

ती शिवली आमच्या शेजारच्या घरातील एका वादामुळे. शेजारचे गृहस्थ गंगापूर तालुक्यातील एका खेड्यातून येथे आलेले. एका कारखान्यात त्यांनी सारी नोकरी केली. पण गावाकडच्या दोन म्हशी त्यांनी सोडल्या नाहीत. पहाटे गावाकडून दूध घेऊन यावयाचे, ते वसाहतीत घालावयाचे आणि मग पाळीवर जावयाचे, असा त्यांचा क्रम. ह्या कामी त्यांची सोबतीण म्हणजे १९९१ साली घेतलेली एम-८० ही दुचाकी. ही गाडी बजाजने १९८६ साली बाजारात आणली, आणि ती ह्या आमच्या वाळूजच्याच कारखान्यात तयार होत असे. सुमारे पंचाहत्तर घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन, डाव्या मुठीत गिअर आणि पेट्रोलात मोजून ऑइल घालावयाचे, असा तिचा साधा संसार. शहरातील लोकांनी तिची थट्टा केली. खेड्यातील लोकांनी तिच्यावर दूध, कडबा, पेंड, कोंबड्या, आणि प्रसंगी सारे कुटुंब वाहिले.

ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारले. गाडी अंगणात ताडपत्रीखाली राहिली. त्यांना दोन मुलगे. थोरला एका कारखान्यात तपासनीस आहे. तयार झालेला भाग ड्रॉइंगशी ताडून पाहणे आणि केसभर फरक निघाला तरी तो बाजूला काढणे हे त्याचे काम. धाकटा टूलरूममध्ये लेथवर असतो. गाडी पुन्हा उभी करावी ह्याविषयी दोघांचे एकमत होते. मतभेद होता तो उभी करावयाची म्हणजे कशी ह्याविषयी. थोरल्याचे म्हणणे, ती कंपनीच्या फाटकातून निघाली त्या दिवशी जशी होती अगदी तशी झाली पाहिजे. नानांनी (मुले वडिलांस नाना म्हणत) मागच्या बाजूस दुधाचे कॅन अडकविण्यासाठी दोन जाड लोखंडी आकडे वेल्डिंग करून घेतले होते. पुढे एक ओबडधोबड जाळी बसविली होती. सीट तर कितीदा शिवली होती कोण जाणे. हे सारे काढून टाकावे, सांगाडा सरळ करावा, मूळचा रंग द्यावा. “काका, तुम्हीच सांगा,” तो आम्हांस म्हणाला, “जे ड्रॉइंगमध्ये नाही ते ओरिजिनल कसं म्हणायचं?” त्याच्या म्हणण्यात खोट नव्हती. उभा जन्म ज्याने ड्रॉइंगशी इमान राखले त्याने बापाच्या गाडीपुरते ते मोडावे असे आम्ही तरी कसे सांगावे?

त्यांची आई दारात गहू निवडीत बसली होती. तिने मान वर न करताच म्हटले, “आकडे काढले तर ती कुणाची बी गाडी होईल.”

ह्या एका वाक्याने वाद मिटला नाही, परंतु आमची झोप मात्र उडाली. कारण ते वाक्य तर्काच्या दृष्टीनेही बिनतोड होते. फाटकातून निघाली त्या दिवशी ती गाडी तिच्यासारख्या असंख्य गाड्यांपैकी एक होती. ती ‘नानांची गाडी’ झाली ती त्यानंतर, आणि ज्या बदलांमुळे झाली तेच बदल आता अशुद्ध ठरवून पुसावयाचे होते.

धाकट्याने मात्र वादास भलतीकडूनच तोंड फोडले. त्याने आम्हांस आपल्या मोबाइलवर एका अमेरिकन मोटारीचे चित्र दाखविले. गाडी जुनी, गोलमटोल, दोन दारांची. पण तिचे नाक असे वर उचललेले, की एखादा उमदा घोडा मागच्या पायांवर उभा राहण्याच्या बेतात असावा. मागची चाके रुंद, पुढची बारीक. बॉनेटमधून इंजिनाचा काही भाग बाहेर डोकावत होता. “ह्याला गॅसर म्हणतात, काका,” तो म्हणाला, “आणि लोक आज मुद्दाम साठ वर्षांपूर्वीच्या पद्धतीने ह्या बांधतात.” गॅस म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातील टाकी येते, परंतु अमेरिकेत पेट्रोलास गॅस म्हणतात, आणि जी शर्यतीची गाडी अल्कोहोल वा नायट्रोमिथेन असले जहाल इंधन न वापरता साध्या पेट्रोलावर धावे ती गॅसर. ह्या गाड्यांची हकीकत आम्ही पुढे कुतूहलाने मिळवून वाचली. तिच्यात आमच्या अंगणातील वादाचे अर्धे उत्तर दडलेले आहे, म्हणून ती वाचकांस थोडक्यात सांगतो.

दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, तरुणांच्या हाती दोन गोष्टी आल्या: सैन्यात शिकलेले यंत्रज्ञान आणि ओस पडलेल्या विमानांच्या धावपट्ट्या. भंगारातून जुनी मोटार आणावयाची, तिच्यात मोठे इंजिन बसवावयाचे, आणि सरळ पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, कोण आधी जातो ते पाहावयाचे, हा त्यांचा खेळ. त्यास ड्रॅग रेसिंग म्हणतात. वळण नाही, फेऱ्या नाहीत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि काही सेकंदांत निकाल लागतो. १९५० साली कॅलिफोर्नियातील सांता ॲना येथील विमानतळावर अशा शर्यती रीतसर सुरू झाल्या, आणि १९५१ साली वॉली पार्क्स ह्यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था काढून रस्त्यांवरच्या ह्या धोकादायक खेळास नियमांच्या चौकटीत बसविले. त्या नियमांत गॅसरांचे वर्ग गाडीचे वजन आणि इंजिनाचे आकारमान ह्यांच्या प्रमाणावरून ठरत.

आपल्याकडेही ह्या कथेचा एक धागा आहे. शोलावरमची युद्धकालीन धावपट्टी मद्रासजवळची. तिच्यावर पुष्कळ वर्षे मोटारींच्या शर्यती होत असत. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अलीकडच्या काळात पाव मैलाच्या सरळ शर्यतीही झाल्या आहेत. परंतु खरा धागा त्याहून जुना आहे. गॅसर बांधणाऱ्यांची सर्वांत लाडकी गाडी म्हणजे विलीज कंपनीची १९४० आणि १९४१ सालची दोन दारांची मोटार. वाचकांपैकी वडील मंडळींना विलीज हे नाव परके वाटणार नाही. युद्धात नावारूपास आलेली जीप तीच ही कंपनी करीत असे. आणि स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत ज्या जीप जुळविण्यास आरंभ केला त्या विलीजच्याच होत. त्या १९४१ च्या मोटारीत चार सिलिंडरांचे जे इंजिन असे, तेच थोड्या फरकाने युद्धातल्या जीपमध्येही होते. आमच्याकडे त्या इंजिनाने मामलेदारापासून साखर कारखान्याच्या चेअरमनपर्यंत सर्वांस खेडोपाडी हिंडविले. तिकडे गॅसर बांधणारा पोरगा पहिले काम करी ते हे, की तेच इंजिन उपटून भंगारात टाकी आणि त्या जागी आठ सिलिंडरांचे दांडगे धूड बसवी.

त्या वर उचललेल्या नाकाचे काय? ते नाक शोभेसाठी नव्हते. गाडी थांबल्या जागेवरून एकदम झेपावली की तिचे ओझे मागे रेलते. बैलगाडी झटक्याने सुटली की आतली माणसे मागे कलतात, तसेच हे. शर्यतीत जोर लागतो तो मागच्या चाकांवर, आणि त्या वेळचे टायर इतके कमअस्सल होते की इंजिनाचा जोर रस्त्यास लागण्याऐवजी चाके जागच्या जागी फिरून नुसता धूर निघे. मागच्या चाकांवर ओझे जितके अधिक रेलेल तितकी पकड चांगली. तेव्हा गाडीची बैठकच उंच करावी, म्हणजे ओझे अधिक रेलेल, असा हिशेब करून त्यांनी पुढे सरळ, एकसंध ॲक्सल आणि पाटे घालून गाडीचे नाक आकाशात चढविले. १९६० नंतरच्या दशकात टायर सुधारले, तसे हे उंच नाक निरुपयोगी झाले आणि गाड्या पुन्हा खाली आल्या. म्हणजे आज ज्या ऐटीवर लोक लुब्ध होतात ती वस्तुतः वाईट टायरांवर केलेली तोड होती. इंजिनावर हवा कोंबणारे जे यंत्र बॉनेटबाहेर डोकावत असे तेही शर्यतीसाठी जन्मलेले नव्हते. जनरल मोटर्सच्या बस-ट्रकांच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनावरचे ते पंखे भंगारात मिळत, म्हणून आणून बसविले. गॅसरच्या अंगावरील एकूण एक दागिना असा कोणत्या ना कोणत्या अडचणीतून घडलेला आहे.

आज अमेरिकेत ज्यांना ह्या गाड्यांचे वेड आहे ते त्या ‘कालशुद्ध’ बांधतात. अमुक साली जो भाग मिळत नव्हता तो त्या सालच्या गाडीत चालावयाचा नाही. आग्नेय अमेरिकेत अशा गाड्यांच्या शर्यती भरविणारी एक संघटना आहे. तिच्यात गाडी १९६७ किंवा त्यापूर्वीचीच लागते, गिअर हातानेच टाकावे लागतात. काही जण रंगाच्या जाडीपासून दारावरील हाताने रंगविलेल्या अक्षरांपर्यंत जुन्या छायाचित्रांवरून ताडून पाहतात. हे वाचून आम्हांस प्रथम हसू आले. कारण ज्या पोरांनी त्या गाड्या मूळ बांधल्या त्यांना काळाशी काडीचेही इमान नव्हते. त्यांचे इमान घड्याळाशी. उद्या चांगला टायर मिळाला असता तर त्यांनी आजचा टायर उकिरड्यावर फेकला असता. कित्येकांनी तर गाडीच फेकली. जो देव स्वतः मूर्ती मानीत नव्हता त्याची षोडशोपचारे पूजा करावी, तशातला हा प्रकार.

परंतु थोडे थांबून विचार करता हसू मावळले. समजा, कोणी आजचे उत्तम टायर घालून, आत आजचीच सारी यंत्रणा लपवून, केवळ दिसावयास म्हणून गाडीचे नाक वर केले, तर तो बहुरूप्याचा वेष होईल. नाक असेल, पण त्याचे कारण नसेल. उलट ज्याने त्या काळचे टायर, त्या काळचे पाटे आणि त्या काळचे इंजिन घेतले, त्याच्या गाडीचे नाक पुन्हा एकदा आवश्यक होते. त्याने जुनी वस्तू जपली असे नव्हे. त्याने जुनी अडचण जपली, आणि अडचणीबरोबर तिच्यावर धावून गेलेली बुद्धी जपली. कालशुद्धतेचा मथितार्थ आम्हांस हा दिसतो. आणि ह्या उपासकांचा विवेकही सुटलेला नाही. गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून ते आत पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि आजचे पट्टे घालतात. गाडी कालशुद्ध असावी. मरणही कालशुद्ध असावे असा हट्ट कोणी धरीत नाही.

आता ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की गॅसर ही मुळातच बदललेली गाडी आहे. विलीज कंपनीने गॅसर कधीच केली नाही. कंपनीचा कागद प्रमाण मानला तर प्रत्येक गॅसर अशुद्ध; आणि ती ‘मूळपदावर’ आणावयाची म्हणजे तिचा नाश करावयाचा. तिचा खरा जन्म कारखान्यात झाला नाही, तो कोणाच्या तरी परसात, वेल्डिंगच्या ठिणग्यांत झाला. प्रामाणिक राहावयाचे ते त्या दुसऱ्या जन्माशी.

आपला कायदा मात्र पहिलाच जन्म ओळखतो. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जुन्या मोटारींच्या नोंदणीचे जे नियम केले त्यांत पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक वय झालेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ हा मान दिला आहे. परंतु अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्या सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. त्यापूर्वी २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेत मालकास फेरबदल करता येत नाही असा निर्वाळा दिला. ह्या नियमांशी आमचे भांडण नाही. जो तो आपल्या बुद्धीने सांगाडे कापू लागला तर रस्त्यावर चालणाऱ्याने जीव मुठीत धरूनच चालावे लागेल. एवढेच म्हणावयाचे, की सरकारी नोंदवहीत गाडीची जन्मतारीख असते, चरित्र नसते. ते ठेवण्याची जबाबदारी घरच्यांची.

ह्या जबाबदारीत एक मोह फार घातक असतो, तो लखलखाटाचा. त्याचा धडा आमच्या जिल्ह्यातच गिरविलेला आहे. १९२० ते १९२२ ह्या काळात निजाम सरकारने अजिंठ्याच्या चित्रांचा बचाव करण्यासाठी लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी ह्या दोन इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी भिंतीपासून सुटू लागलेला गिलावा पुन्हा पक्का केला, गळून पडू पाहणारे रंग धरून ठेवले. हे त्यांचे उपकार विसरता येत नाहीत. परंतु चित्रांवर त्यांनी लाखेचे जे रोगण चढविले ते प्रारंभी चमकले आणि पुढे पिवळे, काळपट पडत गेले. मूळ चित्र त्याच्याखाली मंदावले, आणि ते रोगण हलक्या हाताने उतरविण्याचे काम पुरातत्त्व खात्यास पुढे वर्षानुवर्षे करीत बसावे लागले. हेतू शुद्ध, हात कुशल, आणि तरीही पुढच्या पिढीस काही काळ अजिंठा दिसला तो त्या रोगणाच्या पडद्याआडून. अजिंठ्याची भिंत आणि दूधवाल्याची दुचाकी ह्यांची बरोबरी आम्ही करीत नाही; परंतु जुने नवे करण्याची हाव दोन्ही ठिकाणी एकच.

शेजारच्या घरातील वादाचा निकाल लागला तो मात्र आमच्या ह्या तत्त्वज्ञानाने लागला नाही. तो दोन विटांनी लागला. गाडीवरची ताडपत्री काढली तेव्हा पुढच्या जाळीत दोन विटा होत्या. त्या तेथे नेहमीच असत, असे दोघां भावांना आठवत होते; लहानपणी एकदा त्या काढून त्यांनी क्रिकेटच्या खेळात स्टंप म्हणून वापरल्या, तेव्हा नानांनी कधी नव्हे तो हात उगारला होता. त्या विटा कशासाठी हे मात्र दोघांनी कधी विचारले नाही. थोरला त्या फेकून देण्याच्या बेतात असताना धाकटा एकदम म्हणाला, “दादा, थांब. हे नाक खाली ठेवायला आहे.” वीस-वीस लिटरचे दोन भरले कॅन म्हणजे चाळीस किलोंहून अधिक ओझे, ते मागच्या चाकाच्या दोहों बाजूंस टांगलेले, त्यात रस्ता चढाचा आणि पावसाळ्यात निसरडा. अशा वेळी पुढचे चाक हलके होते आणि हँडल हातात थरथरू लागते. अमेरिकेतील पोरगा जे ओझे मागे रेलावे म्हणून जिवाचे रान करीत होता, तेच ओझे मागे रेलू नये म्हणून गंगापूर तालुक्यातील एक माणूस पुढे दोन विटा ठेवीत होता. एकाच नियमाची ही दोन टोके. नानांनी तो कोणत्या पुस्तकात वाचला नव्हता. त्यांना तो मुठीतून कळला होता.

थोरला पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग त्याने घरातून मोजपट्टी आणली. आकड्यांची मागच्या ॲक्सलपासूनची अंतरे घेतली, डावा आकडा उजव्याहून थोडा पुढे का आहे ते पाहिले. डावीकडचा कॅन आधी रिकामा होई हे आईने सांगितले. कारण त्या बाजूची गिऱ्हाइके वाटेत पहिली लागत. दुसऱ्या दिवशी त्याने एका मोठ्या कागदावर त्या आकड्यांचे आणि जाळीचे रीतसर ड्रॉइंग काढले, मापांसह. खाली तारीख घातली, आणि ‘रचनाकार’ ह्या जागी वडिलांचे नाव लिहिले. ड्रॉइंगमध्ये जे नाही ते ओरिजिनल नव्हे, हे आपले तत्त्व त्याने मोडले नाही. फक्त ड्रॉइंग अपुरे होते ते पुरे केले.

त्यानंतरचे काम सोपे नव्हते, पण सरळ होते. इंजिन उघडून सिलिंडर बोअर केला, पिस्टन आणि रिंगा नव्या घातल्या, क्लचप्लेटा आणि केबली बदलल्या, कार्ब्युरेटर धुतला. ज्या भागांचे काम चालणे हेच आहे ते चालले पाहिजेत; तेथे हळवेपणास जागा नाही. सांगाड्यास आकड्याजवळ चीर गेली होती ती सांधली; आणि वेल्डिंगचा वण घासून लपविला नाही. गंज खरवडून त्यावर गंजरोधक रंग दिला, कारण गंज हा इतिहास नव्हे; तो आज चालू असलेला रोग आहे. पण पायाच्या घर्षणाने जेथे मूळचा रंग उडून पत्रा गुळगुळीत झाला होता तेथे नुसते तेलाचे बोट फिरविले. गंज आणि झीज ह्यांतील हा भेद आम्हांस त्या अंगणात प्रथम उमगला. गंज वस्तू न वापरल्याने चढतो. झीज वापरल्याने होते. पहिला थांबवावा, दुसरी राखावी.

गाडी रस्त्यावर नेण्याचा कोणाचाही विचार नाही. ती अंगणात उभी असते आणि सणावारी एकदा किक मारून सुरू केली जाते. त्या वेळी निळसर धूर निघतो, जळक्या ऑइलचा वास गल्लीभर पसरतो, आणि शेजारची पोरे खोकत खोकत हसतात. विटा जाळीत आहेत.

ह्या साऱ्याचा विचार करता आमचे आमच्या गावाविषयीचे मत थोडे बदलले आहे. वाळूजला जुने काही नाही असे आम्ही समजत होतो. आता वाटते, की येथे जुनेपण तयार होण्यास कच्चा माल तेवढा तयार होतो. कारखाना वस्तू करतो, तिला वय देऊ शकत नाही. नावाने वय देता येत नाही हेही आम्ही पाहिले आहे. बजाजने १९७२ पासून वर्षानुवर्षे जी चेतक स्कूटर केली, तिचे नाव २०२० साली एका विजेवरच्या स्कूटरला मिळाले. नाव ओळखीचे, पण ज्याने मुलांना पुढे उभे करून ती जुनी चेतक चालविली त्याला त्या नावात आपली चेतक सापडणार नाही. तसे सापडावे अशी कंपनीची प्रतिज्ञाही नसेल. ती नवी आहे आणि नवी म्हणून चांगली आहे. तिचे आकडे आणि तिच्या विटा अजून यावयाच्या आहेत.

फाटकातून रोज नव्या गाड्या ट्रकांवर चढून निघतात. एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी; थोरल्यासारख्या तपासनिसांनी त्या तशा असाव्यात म्हणूनच डोळ्यांत तेल घातलेले असते, आणि ते योग्यच आहे. पण रस्त्याच्या कडेला उभे राहून त्या ट्रकांकडे पाहताना आम्हांस आता वेगळेच कुतूहल वाटते. ह्यांतील कोणती गाडी कोणाच्या दारी जाईल, तिच्यावर कशाचे ओझे पडेल, आणि ते पेलण्यासाठी तिचा मालक तिला कोठे काय जोडील? ते जोडकाम ड्रॉइंगमध्ये नसेल आणि कायद्यासही कदाचित रुचणार नाही. परंतु पन्नास वर्षांनी कोणी ती गाडी पुन्हा उभी करावयास घेईल, तेव्हा त्याने कानस चालविण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या बाईस एकदा विचारावे, एवढे मात्र आमचे सांगणे आहे.